अक्कांची ना हरकत

परदेशी जायची परवानगी मागायला कुणी आमच्या शाखेत आलं, की अक्का आधी अर्ज हातात घ्यायच्या नाहीत. आधी माणूस बघायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान वर, आणि डोक्यापासून चपलेपर्यंत एक नजर. मग पहिला प्रश्न ठरलेला. "घरी सांगितलास का?" समोरचा हो म्हणाला तरी सुटका नसायची. "कुणाला? आईला, का बायकोला? का नुसतं फेसबुकाला?" एवढं झाल्यावर मग अर्ज. माझ्यासमोर एकदा एक वर्ग एकचे अधिकारी या प्रश्नाला अडकले होते. ते आईला खरंच बोलले नव्हते. त्यांना बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन करून यावं लागलं.

अक्का म्हणजे महानंदा कलशेट्टी, आमच्या सोलापूरच्या कार्यालयातल्या आस्थापना शाखेच्या अधीक्षक. कागदावर कलशेट्टी मॅडम, बाकी शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना अक्का. कपाळावर विभूतीची बोटं, अंगावर काठाची सुती साडी, खांद्याला काळी रेक्झिनची पिशवी, आणि पाण्याच्या बाटलीला स्वतः विणलेलं टोपडं. बाटलीला टोपडं घालणारी दुसरी बाई मी अजून बघितली नाही. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, सीमेवरचं. घरची भाषा कानडी, कचेरीची मराठी. रागावायच्या मराठीत, जीव लावायच्या कानडीत. "काय करलालास बे, ही टिपणी का गुऱ्हाळ?" असा फटका पडला, की मागोमाग दुपारच्या सुट्टीत "ऊटा आयतेनु, यप्पा?" यायचं. जेवण झालं का रे बाबा, एवढाच त्याचा अर्थ, पण ऐकताना पोट अर्धं भरायचं.

आता हे परवानगीचं प्रकरण काय ते सांगतो, कारण सरकारी नोकरीत नसलेल्याला ते खरंच वाटत नाही. आपण सरकारचे नोकर असलो, तर स्वतःच्या रजेत, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या पोरीला भेटायला परदेशी जायचं म्हटलं तरी खात्याकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. कुठं जाणार, का जाणार, कधी येणार, मागं काही चौकशी लोंबकळतेय का, सगळं बघून मग शिक्का. मी करकंबहून नवा नवा या शाखेत बदलून आलो, तेव्हा मला या प्रकाराची भारी चीड यायची. मी अक्कांना म्हणालोही, "माणूस बायकोपोरांना घेऊन चार दिवस सिंगापूर बघायला जातोय. सरकारला हरकत कसली?" अक्का म्हणाल्या, "हरकत नाही हे सांगायलाच तर पगार घेतोय की आपण, दत्तू. कुणीतरी आपल्याला 'जा' म्हणलंय, एवढं पाठीशी असलं की माणूस नीट चालतो."

प्रमाणपत्राबरोबर वरून आलेलं सूचनांचं एक पान द्यायचं असतं. पारपत्राची प्रत वेगळी ठेवा, आपल्या वकिलातीचा नंबर जवळ ठेवा, कचेरीतली माहिती परक्याला सांगू नका, अनोळखी माणसाचा पाहुणचार घेऊ नका, असलं सगळं. इतर ठिकाणी ते पान फायलीला टाचून देतात आणि कुणी वाचत नाही. अक्का ते समोर बसवून बोलून दाखवायच्या, आणि तेही स्वतःच्या भाषेत. "वकिलातीचा नंबर मोबाईलमध्ये आहे म्हणू नकोस. मोबाईल चोरीला गेल्यावर काय कपाळाला हात लावून बसणार? पाठ कर." "कुणी लई गोड बोलायला लागलं, की आपण शेतीचं बोलायचं. पाऊस किती, तूर किती. तासाभरात उठून जातंय." आणि सगळ्यात मोठी सूचना पार्सलची. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं हे गल्लीत कळलं, की सगळी गल्ली पिशव्या घेऊन हजर. आमच्या बाळूला शेंगाचटणी न्या, आमच्या सुनेला कडक भाकरी न्या, एक चादर तेवढी न्या. नाही म्हटलं तर जन्माचा अबोला. अक्का बजावायच्या, "सख्ख्या मावशीनं दिलं तरी उघडून, वास घेऊन, चमच्यानं तळापर्यंत हलवून बघायचं. मावशीला राग आला तर माझं नाव सांग."

गंमत अशी, की या बाई स्वतः उभ्या जन्मात मुंबईच्या पुढं गेल्या नव्हत्या. मग एवढं ज्ञान आलं कुठून? तर परत येणाऱ्यांकडून. जो जो जाऊन यायचा त्याला अक्का समोर बसवायच्या आणि सोलून काढायच्या. काय हरवलं, कुठं अडलास, कुणी फसवलं का. जे कळेल ते पुढच्याच्या सूचनेत घालायच्या. आमचे ड्रायव्हर रसूलभाई उमऱ्याच्या यात्रेला जाऊन आले. अक्कांनी विचारलं, "कसं झालं?" रसूलभाई म्हणाले, "सब अच्छा हुआ अक्का, खाली चपलाँ गये. ऐसी गर्दी थी ना, निकालके रखा सो मिलेच नै." झालं! त्या दिवसापासून अक्कांच्या सूचनेत "चप्पल पिशवीत घालून हातात धर" हे कायमचं आलं. सिंगापूरला निघालेल्या त्या वर्ग एकच्या साहेबांनाही त्यांनी ते सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तिथं मॉल आहेत." अक्का म्हणाल्या, "मॉलात गर्दी नसते काय?" साहेबांनी मान हलवली आणि ऐकून घेतलं. बर्फाच्या देशात निघालेल्यालाही चप्पल, वाळवंटात निघालेल्यालाही चप्पल. मी मागं बसून तोंडात रुमाल कोंबायचो.

शेवटची सूचना मात्र सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. "आतल्या खिशात चिठ्ठी ठेव. आपलं नाव, घरचा नंबर, रक्तगट. पाकीट जाईल, मोबाईल जाईल, आतल्या खिशातली चिठ्ठी राहील." एकदा मी थट्टेनं म्हणालो, "अक्का, पारपत्र असतंय की गळ्यात. चिठ्ठी कशाला, शाळेतल्या पोरासारखी?" त्यांनी पुढची फाईल उघडली. दुपारी रसूलभाईंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "वो बात पे हसू नको भाई." मग त्यांनीच सांगितलं. अक्कांचे मालक आमच्याच कार्यालयात लिपिक. सरकारी कामाला मोटरसायकलवरून तालुक्याला गेले, वाटेत अपघात झाला. खिशात नावाचा एक कागद नाही. कचेरीला वाटलं घरी गेले, घरच्यांना वाटलं मुक्कामाला राहिले. आणि ते तिकडं एका दवाखान्यात बेवारस म्हणून पडले होते. कळेपर्यंत सगळं संपलं होतं. पोर कडेवर होती. त्यांच्या जागी अनुकंपेवर अक्का लागल्या आणि त्याच कचेरीत उभं आयुष्य काढलं. त्यानंतर चिठ्ठीच्या सूचनेला मी कधी हसलो नाही. चपलेच्या सूचनेला मात्र हसत राहिलो, ते काही सुटलं नाही.

प्रमाणपत्र हातात देताना त्या "होगि बा" म्हणायच्या. जाऊन ये. आणि लगेच पुढचं वाक्य, "परत आलास की आधी आईला तोंड दाखव, मग मला." हा आमच्या कचेरीतला रिवाजच होऊन बसला होता. परत आलेला माणूस रुजू अहवाल द्यायला स्वतः अक्कांच्या टेबलासमोर उभा राहायचा. अक्का खणातून स्टीलचा डबा काढायच्या, त्यात गूळ-शेंगदाणे. मूठभर हातावर ठेवायच्या, आणि ते खाऊन होईपर्यंत फाईल बंद करायच्या नाहीत. एकदा एका बड्या अधिकाऱ्यानं शिपायाच्या हाती अहवाल पाठवला. अक्कांनी तो तसाच परत पाठवला. शिपायाला म्हणाल्या, "साहेबांना सांग, कागद आला, माणूस कुठाय?" अधिकारी तणतणत आले. त्यांनाही गूळ-शेंगदाणे मिळाले, आणि खाताना ते निवळले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि महेश आला. म्हणजे गेला. महेश आमच्याकडे कनिष्ठ अभियंता, करमाळ्याचा. बाप लहानपणीच गेलेला, आईनं रोजगार करून शिकवलेला. पोरगा हुशार, गोड बोलणारा, अक्कांचा लाडका. कॅनडाला मित्राकडं फिरायला जातो म्हणून अर्ज केला. साहेब का कू करत होते. एकटा पोरगा, लग्न नाही, परत येईल कशावरून? अक्कांनी टिपणीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, की अर्जदार विश्वासू आहे, परवानगी द्यावी. सूचना दिल्या, चप्पल सांगितली, चिठ्ठी सांगितली, होगि बा म्हणाल्या. महेश पाया पडून गेला तो गेलाच. रजा संपली, वाढवलेली रजा संपली, पत्रं गेली, आणि मग कळलं की त्याला तिथं नोकरी लागलीय.

वरून अक्कांचा खुलासा मागवला गेला. विश्वासू लिहिलंत ते कशाच्या आधारावर? संगनमत तर नाही ना? चौकशी सुरू झाली, आणि सरकारी चौकशी म्हणजे मारुतीचं शेपूट. अक्का मात्र महेशला एक शब्द बोलल्या नाहीत. सणासुदीला त्याला स्वतः फोन लावायच्या. "ऊटा आयतेनु? थंडी लई हाय का? कधी येतोस?" एवढंच. मी शेजारी बसून दात खायचो. एकदा सुट्टीच्या दिवशी त्या मला घेऊन करमाळ्याला महेशच्या घरी गेल्या. त्याची आई दारातच रडायला लागली. "बाई, तुमी भरवसा टाकला आन् माज्या पोरानं तुमचा घात केला. कुटं तोंड लपवू मी?" अक्कांनी तिला हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, "घात कसला वो? पोरगं जित्तं हाय, दोन वेळा जेवतंय. आपल्याला अजून काय पाहिजे?" येताना एसटीत मी म्हणालो, "अक्का, तुम्ही संत होऊ नका, नोकरी जाईल." त्या म्हणाल्या, "संत कसली रे. मला बी राग येतोय की. पण तो राग मी त्याच्या तोंडावर काढणार. ते तोंड आधी येऊ दे तर इकडं."

आणि याच सगळ्यात शिल्पाला दिवस गेले. शिल्पा अक्कांची एकुलती एक मुलगी, नवऱ्याबरोबर जर्मनीत. पहिलंच बाळंतपण, त्यात रक्तदाबाचा त्रास सुरू झालेला, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, त्यामुळं तिकडून कुणी येणार नव्हतं. शिल्पाचा फोन दुपारच्या सुट्टीत यायचा, आणि अक्का कानाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर लावायच्या. "अव्वा, तू ये. तू काही करू नकोस, स्वयंपाक पण करू नकोस. तू नुसती इथं बस." हे 'नुसती बस' ऐकलं आणि मी माझा डबा बंद केला. अक्का म्हणाल्या, "येते की. तू रडू नकोस, पोटातलं ऐकतंय."

व्हिसा झाला. तिकीट शिल्पानं काढून ठेवलं. राहिलं होतं ते ना हरकत. स्वतःची फाईल स्वतः चालवता येत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. मी टिपणी लिहायला घेतली आणि त्या रकान्यापाशी आलो: अर्जदाराविरुद्ध चौकशी प्रलंबित आहे काय? प्रलंबित असेल, तर परवानगी आमच्या साहेबांच्या हातात राहत नाही, प्रकरण वर जातं, आणि वर गेलेलं प्रकरण कधी खाली येईल ते देवालाच ठाऊक. मी डोकं चालवलं. अजून दोषारोप दिलेले नाहीत, नुसती प्राथमिक चौकशी आहे, ती चौकशीत धरायची की नाही यावर वाद घालता येतो. मी लिहिलं, 'नाही'. साहेबही सही करायला तयार होते. अक्कांनी फाईल मागवली, वाचली, आणि मला म्हणाल्या, "खोड हे. लिही, प्रलंबित आहे."

मी भडकलो. भर शाखेत ओरडलो त्यांच्यावर. "अक्का, तिकडं पोरगी एकटी पडलीय. इथं कोण बघतंय? आजारपणाची रजा टाका आणि जावा गप विमानात बसून. अर्धी दुनिया जातेय तशी." अक्का शांत होत्या. म्हणाल्या, "मागं त्या पाटीलबाईला काय सांगितलं मी? तिची बहीण दुबईत आजारी होती. चौकशी होती तिच्यावर, असलीच, कच्ची. मी म्हणलं नाही जमत, वर पाठवावं लागतंय. ती रडली माझ्यापुढं ह्याच टेबलाला. दोन टेबलं सोडून बसतीय ती. मी आता गपचूप जाऊन आले तर तिला कुठल्या तोंडानं बघू?" मी म्हणालो, "पाटीलबाई काही म्हणणार नाहीत." "म्हणणार नाहीच. म्हणून तर बघवणार नाही." मी रागानं कागद फाडला आणि पुन्हा लिहिला. प्रलंबित आहे.

तुम्हाला खरं सांगू? अक्का तिथं चुकल्या असं मला आजही वाटतं. पोटची पोर हाक मारते तेव्हा रकाना कसला बघायचा? शिल्पालाही तेच वाटलं. "तुला शिक्का माझ्यापेक्षा मोठा झाला, अव्वा," असं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि मग बरेच दिवस उचलला नाही. अक्का दुपारी मोबाईल समोर ठेवून बसायच्या. टोपडंवाली बाटली एका बाजूला, मोबाईल दुसऱ्या बाजूला. भाकरी तशीच. कुणी काही विचारलं तर म्हणायच्या, "रेंज नसेल तिकडं."

वरून निरोप असा आला, की महेशचा जबाब झाल्याशिवाय चौकशी बंद होत नाही. त्यानं लिहून द्यायला हवं होतं, की नोकरीचं पत्र आधीच खिशात होतं, फिरायला जातो हे खोटं सांगितलं, आणि कलशेट्टी मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. तसं लिहून दिलं की तो राजीनामा देऊन सुटणार नव्हता, सरळ बडतर्फ होणार होता. पुन्हा सरकारी नोकरीचं दार बंद आणि नावाला कायमचा डाग. अक्का म्हणाल्या, "मी मागणार नाही असलं. पोरानं एक चूक केली म्हणून त्याच्याच हातानं त्याच्या नावाला काळं फासायला लावू?" त्या नव्हत्या मागणार तर नव्हत्या. मग मी मागितलं. त्यांच्यासमोर, त्यांच्याच टेबलावरून, माझ्या मोबाईलवरून महेशला फोन लावला. अक्का "ठेव, ठेव" म्हणत राहिल्या आणि मी त्याला जी काही माझ्या करकंबच्या भाषेत आरती ओवाळली ती इथं लिहिण्यासारखी नाही. शेवटी सगळी हकीकत सांगितली. शिल्पा, बाळंतपण, रकाना. मग महेश एवढंच म्हणाला, "अक्कांनी मला कधी सांगितलं न्हाय ओ. त्या नुसतं जेवलास का विचारायच्या."

जबाब दुसऱ्या दिवशी आला. जसा हवा होता तसा, सहीनिशी, काहीही न लपवता. महेश बडतर्फ झाला. अक्का माझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा म्हणाल्या, "पोराचा परतीचा दोर कापलास तू." मी म्हणालो, "त्याचा त्यानंच कापला, आणि तुमच्या पायात अडकलेला सोडवला." यावर त्यांनी फक्त चष्मा पुसला.

चौकशी बंद होऊन, प्रकरण फिरून, परवानगी हातात यायच्या आधीच शिल्पा बाळंत झाली. मुलगी झाली. जावयानं व्हिडिओ कॉल लावला, आणि अक्कांनी नात पहिल्यांदा बघितली ती आमच्या शाखेतल्या कपाटाला मोबाईल टेकवून. सगळी शाखा मागं गोळा झालेली. पाटीलबाई डोळे पुसत होत्या. अक्का पडद्याला बोट लावून म्हणाल्या, "कूस, यव्वा, येते मी." कूस म्हणजे कानडीत बाळ. मग उठून नळाकडे गेल्या आणि तोंड धुऊन बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. त्यांची पाठ हलताना मी पहिल्यांदाच बघितली.

बारशाला मात्र पोचल्या. निघायच्या दिवशी प्रमाणपत्र द्यायला मी उठलो, तर माझ्या टेबलासमोर स्टुलावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सूचना सांग." मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला मी काय सांगू?" "सांग म्हणलं की. सगळ्यांना असतंय, मला का नाही?" मग मी सुरू केलं. वकिलातीचा नंबर पाठ आहे का? त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला. कुणी गोड बोललं तर? "तूर आणि पाऊस." चप्पल पिशवीत घालून हातात धरा, असं म्हणालो तेव्हा सगळी शाखा हसली, अक्काही हसल्या. आतल्या खिशात चिठ्ठी आहे का, हे मी खाली बघून विचारलं. त्यांनी पोलक्याच्या आतून घडी काढून दाखवली. नाव, नंबर, रक्तगट. स्टेशनवर सगळी कचेरी आली, आणि जो तो शिल्पाला चटणी घेऊन. अक्कांनी फलाटावर बसून प्रत्येक डबा उघडला, वास घेतला, चमच्यानं तळापर्यंत हलवला. पाटीलबाईंच्या डब्याशी आल्या आणि तेवढा न उघडताच पिशवीत ठेवला. गाडी हलली तेव्हा मी माझं मोडकं कानडी काढलं. "होगि बर्रि, अक्का." त्या खिडकीतून म्हणाल्या, "उच्चार सुधार बे."

शिल्पा सुरुवातीला बोलत नव्हती, असं अक्कांनीच आल्यावर सांगितलं. "मी काही बोलले नाही. नुसती बसले. ती म्हणली होती ना, नुसती बस. नातीला मांडीवर घेऊन बसायचे. एक दिवस ती बी माझ्या दुसऱ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली." रजा संपल्यावर त्या बरोबर हजर झाल्या. रुजू अहवाल हातात, माझ्या टेबलासमोर उभ्या. मी त्यांच्याच खणातून डबा काढून त्यांच्याच हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "तिकडं चप्पल कुणी नेत नाही. ती सूचना काढून टाक." पण ती काही कुणी काढली नाही.

पुढं त्या निवृत्त झाल्या आणि त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. निरोपसमारंभात डबा माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "रिकामा ठेवू नकोस." सोलापूरजवळच्या कुंभारीच्या घरी राहायच्या. अधूनमधून सहाआसनी रिक्षानं यायच्या, बाहेर कोण कोण गेलंय विचारायच्या, आणि जाताना दरवेळी, "महेश आला का रे?" मी म्हणायचो, "त्याची फाईल बंद झाली, अक्का." "फाईल झाली असेल," त्या म्हणायच्या. मग एका उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेल्या. शिल्पा नातीला घेऊन आली होती. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणं अक्कांना बसवून माती दिली. कपाळाला विभूती, मान ताठ. अर्ज घेऊन कुणीतरी समोर येणार असल्यासारख्या बसल्या होत्या. मी फार वेळ बघू शकलो नाही.

परवाच्या संक्रांतीच्या आसपास, ग्रामदैवताच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी गावात असताना, दुपारी माझ्या टेबलासमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. अंगानं भरलेला, कानाजवळ केस पांढरे, महागाचं जाकीट. पण उभं राहणं तेच, एका पायावर भार देऊन. महेश. इतकी वर्षं याच्यासाठी मी शिव्या साठवून ठेवल्या होत्या, आणि ऐनवेळी एकही आठवेना. तो म्हणाला, "अक्का गेल्याचं शिल्पाताईंनी कळवलं होतं. त्यांचं टेबल हेच ना?" मी म्हणालो, "हेच." तो तसाच उभा. "मला रुजू अहवाल देता येत न्हाय, माहीत हाय मला. बडतर्फ माणूस मी. नुसतं तोंड दाखवायला आलोय."

मला वाटलं, बस म्हणावं, पाणी द्यावं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "आधी आईला दाखवलंस का?"

"काल दाखवलं की. ती खाली रिक्षात बसलीय. म्हणली, आता बाईला दाखवून ये, मग चल."

मी खण उघडला, डबा काढला. मूठभर त्याच्या हातावर ठेवले आणि आईसाठी कागदात बांधायला घेतले. तो उभ्या उभ्या खात होता आणि रडत होता, आणि गूळ-शेंगदाणे रडत खाता येत नाहीत, ठसका लागतो. दोन टेबलांवरून पाटीलबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. तो खाऊन होईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "त्या तुझी वाट बघत होत्या बे." आणि डब्याचं झाकण लावलं.